सिस्टरांच्या शेजारी

"एका देवाच्या दारातून निंगालो, अन् तू आता दुसऱ्या देवाच्या अंगणात राहाले चालली?" माझे वडील म्हणाले. जेवता जेवता त्यांचा हात थांबला होता.

आरमोरीजवळच्या आमच्या गावी ओसरीत आम्ही तिघं जेवत होतो: वडील, माझा नवरा आणि मी. आई आत चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिच्या भांड्यांचा आवाज बंद झाला.

छप्पन साली वडील ऐन विशीत होते. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि परत आल्या आल्या घरातले देव वैनगंगेत सोडून दिले. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कशासमोर नाक घासलं नाही. बुद्धाची एक तसबीर होती, पण ती मागण्यासाठी नाही, वागण्यासाठी, असं ते आम्हा भावंडांना बजावत. देव आहे की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या घरात तो प्रश्न माझ्या जन्माआधीच निकालात निघाला होता.

माझा नवरा सिंदेवाहीकडच्या कुणब्याच्या घरचा. आम्ही चंद्रपूरला एका वर्गात शिकलो, म्हणून मी त्याला एकेरी हाक मारायचे. चारचौघांत मात्र 'अहो'. तो देव मानत नव्हता आणि हे सांगायला लाजतही नव्हता. कचेरीत सह्या करून लग्न केलं, तेव्हा त्याच्या घरचं दार बंद झालं. सावली गावात आम्ही खोली शोधत हिंडलो. घरमालकीण आधी त्याचं आडनाव विचारायची, मग माझं माहेर विचारायची, आणि मग खोली आदल्याच दिवशी कुणाला तरी दिलेली असायची.

तो तेव्हा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर रोजंदारीनं जात होता. तिथं एक दिवस पांढऱ्या साडीतल्या, पन्नाशीच्या सिस्टर रिकामं पोतं घेऊन आल्या. जंगलात आत त्यांचं मिशन होतं. बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पाणी टिकत नाही, लवकर निघणारं धान आहे का, असं त्या विचारत होत्या. यानं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही येऊन जमीन बघाल का?" हा गेला, चार-सहा दिवस राहिला आणि परत येऊन मला म्हणाला, "दवाखाना आहे. शाळा नाई. दोन खोल्या रिकाम्या आहेत. तू पोट्ट्यायले शिकव, मी धान पाहतो."

"अन् त्याइले काय पाह्यजे आपल्यापासून?"

"ते नाई माहीत. पण सिस्टरनं आपलं आडनाव विचारलं नाई."

माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. वडिलांना नव्हतं. तेच मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आडनाव नाई विचारलं, ठीक. देव विचारन. आज नाई तं उद्या विचारन."

"विचारलं तं वापस येतो आमी," माझा नवरा म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ताटातला भात कालवत म्हणाले, "येजो. दार उघडंच राहीन."

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र सगळं अजून चांदाच होतं, म्हणजे जुना चंद्रपूर जिल्हा. एसटी जिथं संपायची तिथून पुढं बैलगाडी. सागाचं जंगल, मग बांबूचं, मग एक नाला. नाला उतरून वर चढलं की एकदम मोकळी जागा आणि तीन कौलारू इमारती: दवाखाना, सिस्टरांचं घर आणि एक छोटं चर्च. त्याच्या भिंती शेणामातीनं सारवलेल्या होत्या. गाव तिथून हाकेच्या अंतरावर. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या आमच्या.

मिशनमध्ये सिस्टर दोघीच. दोघीही केरळच्या. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर आणि छोटी सिस्टर म्हणायचो. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, प्रार्थना घ्यायचे, जेवायचे आणि उजेड असतानाच निघायचे.

पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टर आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची मराठी पुस्तकातली होती, एकेक शब्द सोलून ठेवल्यासारखी.

"आम्ही पहाटे प्रार्थना करतो. घंटा वाजेल. ती आमच्यासाठी आहे. तुम्ही झोपा."

"झोप लागली तं," माझा नवरा म्हणाला.

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "तुम्ही देव मानत नाही, हे यांनी मला बियाणं देतानाच सांगितलं. मला खोटं न बोलणारा माणूस हवा होता. एकच मागणं आहे. आमच्यासमोर देवाची टिंगल करू नका. आम्ही तुम्हाला देव शिकवणार नाही."

हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. नंतर जे काही झालं, ते करार मोडल्यामुळे झालं नाही, हे आधीच सांगते.

त्या दिवसांची आठवण काढली की मला सगळ्यात आधी छोट्या सिस्टरचं बोलणं ऐकू येतं. ती माझ्याच वयाची, नर्स होती. मराठी ती रोग्यांकडून शिकली होती. मल्याळी हेल काढून ती म्हणायची, "मले समजून नाई राह्यलं बाई, कुठी दुखते ते सांग ना." मोठ्या सिस्टर आतून दुरुस्त करायच्या: "मला समजत नाही." छोटी मान डोलवायची आणि पुढच्या रोग्याला पुन्हा म्हणायची, "काऊन आला गा इतक्या उशिरा?" रोगी हसायचे आणि हसता हसता सुई टोचून व्हायची.

तिनं आवारात एक नारळ लावला होता. आमच्या उन्हाळ्यात नारळ! रोज बादलीभर पाणी घालायची. तो कमरेच्या वर कधी गेला नाही. माझा नवरा तिला चिडवायचा, "सिस्टर, याच्यासाठी तरी प्रार्थना करा." मग जीभ चावायचा, टिंगल झाली का म्हणून. ती म्हणायची, "केली ना. देव म्हणतो, आधी पाणी घाल."

शाळा दवाखान्याच्या पडवीत भरायची. पोरांना मराठी येत नव्हती, मला गोंडी येत नव्हती. पहिला शब्द त्यांनीच मला शिकवला, 'एर', म्हणजे पाणी. मी फळ्यावर 'पाणी' लिहायचे आणि पोरं एका सुरात 'एर' वाचायची. पडवीच्या एका टोकाला औषधासाठी बसलेली माणसं, दुसऱ्या टोकाला आम्ही. कुणाचं बाळ रडायला लागलं की पाढे थांबायचे. मधल्या भिंतीवर क्रूस होता. पहिले काही दिवस तो माझ्या डोळ्यांना टोचला, मग दिसेनासा झाला. दिसेनासा झाला हेच चुकलं, हे पुढं एकजण मला दाखवून देणार होता.

नाताळ आला तेव्हा छोट्या सिस्टरनं बांबूच्या कामट्यांचा तारा केला, त्यावर रंगीत कागद चिकटवला. तो टेंभुर्णीच्या झाडावर टांगायला चढला माझा नवरा. खालून मोठ्या सिस्टर जीव मुठीत धरून "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या. बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. दोघी माझ्या खोलीत आल्या, चटईवर बसल्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या घरी आज काय म्हणतात ते म्हणा." मी पंचशील म्हटलं. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन, खाली बघून सगळं ऐकलं. मग खिरीची वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "अजून."

पहिलं धान चुरून, म्हणजे मळून, झालं आणि वडील आले. न कळवता आले. खांद्यावर पिशवी, पायात धूळ. त्यांनी आधी दोन्ही खोल्या पाहिल्या, बुद्धाची तसबीर कुठं लावली आहे ते पाहिलं, मग पडवीतला क्रूस पाहिला. संध्याकाळी मोठ्या सिस्टर भेटायला आल्या, तेव्हा अंगणात बाजेवर बसलेल्या वडिलांनी सरळच विचारलं.

"बाई, एक विचारतो, राग नका मानू. तुमच्या तिकडच्या देवळात आमच्यासारख्याले कुठी बसवतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

मोठ्या सिस्टर खाली, अंगणातच बसल्या. त्या म्हणाल्या, "आम्हीच तुमच्यासारखे आहोत."

वडिलांना कळलं नाही. सिस्टरांनी सांगितलं ते असं. त्यांच्या पणजोबांनी धर्म बदलला होता. शेतात राबणारी माणसं होती ती. पण गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरांनी त्यांना जवळ बसू दिलं नाही. त्यांची आजी चर्चमध्ये सगळ्यांच्या मागं, दाराशी उभी राहायची. पुढं त्यांच्या वस्तीसाठी वेगळं चर्च बांधून दिलं. "येशू एकच," त्या म्हणाल्या, "पण चर्च दोन."

वडील बाजेवरून उठले आणि त्यांच्या समोर खाली बसले. "मंग काऊन नाई सोडलं तुमी?"

"आजी म्हणायची, दाराशी उभं राहिलं तरी ऐकू सगळं येतं. जे ऐकलं ते माझं झालं."

"आमचा बापही असंच म्हणे. देवळाच्या बाहेरून भजन आयकू येते ना, मंग झालं." वडील हसले. "म्हून तं आमी सोडलं."

सिस्टरही हसल्या. मग दोघं कितीतरी वेळ बोलत बसले: धानाचे भाव, पोरांची शिक्षणं, केरळात भात कसा उकडा खातात ते. मी दोन वेळा चहा केला. दुसऱ्या दिवशी निघताना वडिलांनी नवऱ्याला सांगितलं, "बाई खरी आहे. पण घर तिचं आहे, हे ध्यानात ठेवजो. दुसऱ्याच्या घरात माणूस किती बी सुखी राह्यला, तरी बोलताना आवाज लहान करते."

हे वाक्य आम्ही तेव्हा नीट ऐकलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचा एक मित्र नागपूरहून आमच्याकडे राहायला आला. बुद्धिवादी, खादी घालणारा, अत्यंत सरळ माणूस. गावात विहीर खोदायची आणि मोठ्यांचा साक्षरता वर्ग चालवायचा, असा त्याचा बेत होता. दुसरी खोली आम्ही त्याला दिली. आठवडाभरात त्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"गावात फिरताना लोक मले काय म्हणतात माहीत आहे? 'सिस्टरचा माणूस'. तुमाले काय म्हणतात, कधी विचारलं?"

विचारलं नव्हतं.

"तुमी इथी राहून राह्यले म्हणजे इथी जे जे होते, त्याच्यावर तुमची सही आहे. उद्या कोणी धर्म बदलला, तं त्यात तुमचीही शाळा आली. क्रूसाखाली भरते ना ती?"

"औषध घ्याले आलेल्याले त्या एक शब्द नाई विचारत," माझा नवरा म्हणाला.

"विचारायची गरजच काय? जीव वाचवणारा माणूस ज्याले हात जोडते, त्याले वाचलेला माणूस आपोआप जोडते."

मी त्याच्याशी भांडले. सिस्टरांनी आम्हाला घर दिलं, तेव्हा तुझे नागपूरचे बुद्धिवादी कुठं होते, असंही म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, त्या चांगल्या आहेत म्हूनच तं प्रश्न आहे. वाईट असत्या तं तुमी केव्हाच निंगून गेल्या असत्या."

मी उठून चूल पेटवायला गेले.

त्याचं म्हणणं खरं ठरायला फार दिवस लागले नाहीत. गावात मित्राच्या अर्धवट खोदलेल्या विहिरीजवळच्या घरात एक तरुण विधवा राहायची. तिचा लहान मुलगा हिवतापानं मरायला टेकला होता. छोट्या सिस्टरनं त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि तो वाचला. त्यानंतर ती रोज येऊ लागली. झाडझूड करायची, चर्चच्या दाराशी बसून राहायची. एक दिवस तिनं मोठ्या सिस्टरांना सांगितलं, मला तुमच्या देवाकडे यायचं आहे. ही गोष्ट गावात गेली आणि गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, सकाळी सगळ्यांना मोहाच्या झाडाखाली बोलावलं. सिस्टरांनाही आणि आम्हालाही.

गायता म्हातारा, हळू बोलणारा. त्याची मराठी बाजारापुरती होती, पण त्या दिवशी ती पुरली. तो म्हणाला, ही आमची सून आहे. ती गेली तर नवं धान आम्ही पेनाला, आमच्या देवाला, दाखवतो तेव्हा तिच्या घरची मूठ कोण टाकणार? तिच्या पोराला आमच्यात कोण धरणार? मग त्यानं आमच्याकडे बोट केलं. "अन् हे पहिले सांगा. तुमी अन् सिस्टर, एक घर का दोन घर?"

मित्र बोलायला उठला. पण त्याच्याआधी मोठ्या सिस्टरच बोलल्या. "दोन. हे आमच्या आवारात राहतात. आमच्या देवाला मानत नाहीत. यांची शाळा यांची आहे."

लोक कुजबुजले. आम्ही इतके दिवस तिथं राहिलो आणि हे गावाला पहिल्यांदा कळत होतं, तेही सिस्टरांच्या तोंडून. मला वडिलांचं आवाज लहान करण्याचं बोलणं आठवलं.

मित्र म्हणाला, "आमचं म्हणणं असं आहे की हिनं धर्म बदलू नये. कोणताच."

तेवढ्यात ती विधवा उभी राहिली. कडेवर मुलगा होता. ती मित्राकडे न बघता माझ्याकडे वळली. "बाई, तुह्या बापानं देव बदलला ना? तूच सांगितलं मले. मंग तो बदलू शकते, अन् मी काऊन नाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मित्र माझ्याकडे बघत होता, नवरा बघत होता, मोठ्या सिस्टर बघत होत्या. नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. नाही म्हणाले असते तर वडिलांनी नदीत सोडलेले देव मी माझ्या हातानं काढून घरात आणले असते.

मी म्हटलं, "बदलू शकते. तुले कोणी अडवू शकत नाई. ना गायता, ना आमी." मित्रानं तोंड फिरवलं. "पण माझ्या बापानं बदलला तेव्हा त्याच्या अंगावर कोणाचा उपकार नव्हता. त्याले कोणी काही दिलं नव्हतं. त्यानं स्वतः विचार केला, अन् स्वतःच्या पायानं गेला. तू तुह्या मनाले विचार, पोरगा वाचला नसता तरी मले हा देव पाह्यजे होता का? हाव म्हणत असशीन तं जा."

ती बसली. मुलगा तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होता.

मोठ्या सिस्टर उठल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. रागावल्या असतील, दुखावल्या असतील, असं वाटलं. त्या गायत्याला म्हणाल्या, "फादरांना मी थांबायला सांगीन. ही वर्षभर तिच्या घरी राहील. या वर्षीचं नवं धान तुमच्या देवाला दाखवील. मुलगा आजारी पडला तर औषध मिळेल, जसं सगळ्यांना मिळतं. वर्षानंतर तिला तेव्हाही यायचं असेल, तर तुम्ही तिला अडवू नका."

गायत्यानं गावाकडं पाहिलं. मग मान हलवली.

आम्ही परत निघालो. आवाराच्या फाटकाशी मोठ्या सिस्टर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आता इथे राहू नये."

मी विचारलं, "रागावल्या का सिस्टर?"

"नाही. आज तुम्ही जे बोललात ते मला ऐकायला हवं होतं. पण आमच्या खोलीत राहून ते तुम्हाला रोज बोलता येणार नाही. मलाही ते रोज ऐकवणार नाही." त्या थोडं हसल्या. "नाल्यापलीकडे गावाची जागा आहे. गायता देईल. दूर जाऊ नका. शेजारी राहा."

गायत्यानं खरंच जागा दिली. घर बांधायला अख्खं गाव आलं. बांबूचे कूड विणले, माती लिंपली, छपराला गवत आलं जंगलातून. मित्राला एका भिंतीचं काम दिलं होतं, ती तिरपी झाली. छोटी सिस्टर रोज दवाखाना उरकून यायची आणि त्या भिंतीसमोर उभी राहून म्हणायची, "भाऊ, ही भिंत तरी प्रार्थनेनं उभी आहे की नाई?" तो पहिल्यांदा तेव्हा हसला. पुढं त्यानं विहीर पुरी केली, आणखी एक उन्हाळा आमच्यात काढला आणि नागपूरला गेला. त्याची भिंत शेवटपर्यंत तिरपीच उभी होती.

शाळा आमच्या ओसरीत आली. सिस्टरांनी फळा देऊन टाकला. भिंतीवर मी पोरांनी काढलेली मोरांची, बैलांची चित्रं लावली.

नाल्यापलीकडची ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. आता सिस्टर आमच्याकडे पाहुण्या म्हणून यायच्या आणि त्यांच्याकडे गेलो की आम्हाला पाहुणचार मिळायचा. नवऱ्याच्या बांधीतलं लवकरचं धान आणि त्यामागून निघणारी लाखोरीची, म्हणजे लाखेची, डाळ आधी त्यांच्या घरी जायची, त्यांच्याकडून टॅपिओकाचे कंद यायचे. भांडणंही मोकळी होऊ लागली. एकदा माझा नवरा आणि मोठ्या सिस्टर, माणूस देवाशिवाय चांगला राहू शकतो की नाही यावर नाल्याच्या दोन काठांवर उभं राहून भांडले. मध्ये गुरं पाणी पीत होती. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही राहता आहात, हे मी बघते आहे. पण असे तुम्ही एकटेच आहात." तो म्हणाला, "तुमच्यासारख्या तुमीबी एकट्याच आहा, सिस्टर." त्यांच्या आवारात असताना असं भांडण आमच्यात कधी झालं नसतं.

माझी मुलगी त्या घरात झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा छोटी सिस्टर गुडघाभर पाण्यातून, साडी खोचून, औषधाची पेटी डोक्यावर धरून आली. बाळ रडल्यावर तिनं ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि माझ्याकडे चोरून पाहिलं. मी म्हटलं, "म्हण ना मोठ्यानं. आता घर माझं आहे." मग तिनं मोठ्यानं म्हटलं. मल्याळीत होतं. मला काही कळलं नाही, बाळ मात्र गप्प झालं.

वर्ष संपल्यावर ती विधवा खरंच पुन्हा आली. नवं धान तिनं पेनाला दाखवलं होतं, सासूची सेवा केली होती, आणि तिचं मन बदललं नव्हतं. गायत्यानं शब्द पाळला. फादर आले, त्या दिवशी तिनं मला बोलावलं. मी चर्चच्या दाराशी उभी होते. मोठ्या सिस्टर आतून उठून आल्या, माझा हात धरून मला पुढं नेलं आणि चटईवर स्वतःशेजारी बसवलं. तिच्या कपाळावरून पाणी ओघळलं तेव्हा ती हसत होती. बाहेर गायता बिडी ओढत बसला होता. विधी झाल्यावर त्यानं मुलाला खांद्यावर घेतलं आणि गावात नेलं. पुढच्या सणाला तिच्या घरची मूठ त्या मुलानं टाकली. गावानं काढलेली ही तोड आम्हाला कुणालाच सुचली नव्हती.

मित्राला मी हे सगळं नागपूरला भेटले तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी हरलो." मी म्हटलं, "नाई. तू आला नसता तं ते एक वर्षही तिले भेटलं नसतं." त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही. मला आजही पटतं.

वडील नंतर दोनदा आले. नाल्यापलीकडचं घर पाहून म्हणाले, "आता बरोबर आहे." आणि मग सरळ नाला ओलांडून मोठ्या सिस्टरांकडे चहा प्यायला गेले.

ऐंशीचं दशक संपता संपता मोठ्या सिस्टरांना आणि छोटीला केरळात परत बोलावलं. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी येणार होत्या. गाव सकाळपासून आवारात जमलं होतं. मोठ्या सिस्टर प्रत्येकाचा हात हातात घेत होत्या, कोरड्या डोळ्यांनी. छोटी मात्र उठल्यापासून रडत होती आणि रडता रडता सगळ्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होती. बैलगाडी जुंपली तेव्हा ती धावत माझ्याकडे आली.

"बाई, लाखोरीची डाळ दे ना. थोडी."

"तिकडं कोण शिजवीन ती? कोणाले येते?"

"मले येते ना," ती म्हणाली. "मी शिजवतो. त्याइले खावाच लागन."

मी नाला ओलांडून घरी गेले, डब्यातली होती नव्हती तेवढी डाळ फडक्यात बांधली आणि पळत परत आले. गाडी निघाली होती. माझ्या नवऱ्यानं पुढं होऊन बैल थांबवले. छोटीनं गाठोडं मांडीवर घेतलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हिची मराठी मी शेवटपर्यंत सुधारू शकले नाही."

गाडी बांबूच्या बनात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग माझा नवरा फावडं घेऊन बांधीकडे गेला. पाणी वळवायचं होतं. मी पोरांना ओसरीत बसवलं. फळ्याकडे वळले, पण काय लिहायचं ते आठवेना, तेव्हा पोरांनाच म्हटलं, आज तुम्ही सांगा, मी लिहिते.